काकूचं ऑडिओबुक आणि माझे ५३,७६४ रुपये

आधी आकडा सांगतो, कारण घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही. बायकोला १८,००० माहीत आहेत. माझ्या नाटकाची कादंबरी आणि ऑडिओबुक करून देतो म्हणणाऱ्यांनी फसवलं, त्यात खरे गेले ५३,७६४. कादंबरी-रूपांतराचे १८,०००, आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ६,५००, स्टुडिओ आणि 'व्हॉइस आर्टिस्ट'चे २४,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,४६४. शेवटच्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. ३१ वर्षं बँकेत लोकांच्या सह्या जुळवल्या मी, आणि हे दिसलं नाही.

राज्य नाट्य स्पर्धेत आमचं दोन अंकी वऱ्हाडी नाटक, काकू त्यातलं मुख्य पात्र, नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात झालं, नंतर बाहेर एकच प्रयोग. मग हौशी संस्थांचं होतं तेच झालं. पोरं नोकरीला पुण्याला गेली, संहिता कपाटात गेली. अशात फोन येतो, "सर, तुमच्या काकूत अख्खी कादंबरी आहे. ऑडिओबुकला वऱ्हाडीची फार मागणी आहे." सांगा, कोण ठेवेल फोन? मला पैशाचा लोभ नव्हता, एवढं तरी माना. पुढची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, गोड बोलणं, लहान हप्ता, मग मोठा.

पण नमुना आला तिथेच कळायला हवं होतं. मे महिना, आवाज नीट यावा म्हणून कूलर बंद करून ऐकत बसलो. काकू पुतण्याला म्हणते, "काहून गा, जेवाले येत नाही का?" म्हणजे 'का रे, जेवायला येत नाहीस का?' स्टेजवर या वाक्याला हशा पडायचा. इथे एक तुपकट आवाज 'काहून'वर थांबला आणि 'गा' असा म्हणाला, जसं कोणाला गाणं म्हणायला सांगतोय. पुढे शांतपणे, "अंधार. दहा सेकंद." रंगसूचना! मशीनने सरसकट वाचून टाकलेली. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातही तेच, "काकू डाव्या विंगेतून स्वयंपाकघरात आली." नाटकाची कादंबरी करायची तर नटीने नुसती पाठ फिरवून जे दाखवलं ते शब्दांत आणावं लागतं. इथे फक्त कंस काढले होते.

मी हसलो. बायकोलाही ऐकवलं. आणि 'कच्चा मसुदा आहे, सुधारतील' म्हणत त्याच संध्याकाळी स्टुडिओचे पैसे जीएसटीसकट पाठवले. हे लिहितानाही कान तापतात.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, बस. भाच्याने दोन मिनिटांत दाखवलं, तेही पैसे गेल्यावर.

मग ठाणं. "काका, नाटकाचे पैसे कोण देते?" अहो, मीच दिलेत, तेच सांगतोय ना! हे दिवाणी आहे, वकील करा. वकील म्हणतो, आधी तक्रार नोंदवा. सायबरवाल्यांचं, ओटीपी तुम्ही दिला, पैसे तुम्ही पाठवले, फाइलही आली, मग फसवणूक कुठे? बँकेत माझ्या नातवाच्या वयाचा पोरगा मान वर न करता म्हणाला, समोरच्या बँकेला लिहा. ४५ अंशांत चार चकरा. प्रत्येकाने संहितेची झेरॉक्स मागितली, एकानेही पान उलटलं नाही.

तुम्ही १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, पहिल्या तासात फोन करा. मी लाजेपायी ११ दिवसांनी केला, तोवर ते खातं रिकामं होतं.

ओटीपीने सही केलेला करार नंतर वाचला. "सर्व माध्यमांतील हक्क." नाटक, कादंबरी, ऑडिओ हे हक्क वेगवेगळे असतात, वेगवेगळेच लिहून घ्या. मुदत लिहिलेली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार अशा वेळी पाच वर्षं धरतात. म्हणजे पाच वर्षं काकू त्यांच्याकडे गहाण. प्रयोगाआधी नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या शिक्क्याची प्रत तेवढी जपून आहे, तुमची असेल तर तुम्हीही जपा.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जायचंय. या वेळी झेरॉक्स नाही, फोन नेतो. नवे साहेब यवतमाळकडचे आहेत म्हणे, त्यांना ते 'गा' ऐकवतो.