‘फुल इंजिन काम झालंय’ म्हणून घेतलेली ट्रायल्स गाडी

जुनी ट्रायल्स मोटारसायकल, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता न्यायच्या स्पर्धेची गाडी, विकताना भाव सगळ्यात जास्त वाढवणारं वाक्य म्हणजे ‘इंजिनचं फुल काम झालंय’. मी घेतलेल्या वॉटर-कूल्ड टू-स्ट्रोकबद्दल विकणाऱ्याने हेच सांगितलं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं, दोन्ही बाजूंची ऑइल सील, सगळं नवं. पुरावा म्हणून काढलेल्या जुन्या पार्टांची पिशवी, नव्या पिस्टनचा खोका आणि बिल. प्रत्यक्षात इंजिनाच्या पोटात जुनाच पिस्टन होता, जुनीच सील होती आणि खालच्या क्रँककेसला, म्हणजे क्रँकभोवतीच्या कवचाला, पडलेली चीर पुट्टीने बुजवून वर रंग मारलेला होता. घरी गाडी उघडणाऱ्यांना यातलं बरंच आधी ओळखता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रायल्स गाडी फसवायला सोपी, कारण तिच्या वयाचा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो. सीट नाही, टाकी दोन-तीन लिटरची, वजन सत्तर किलोंच्या आसपास. स्पर्धेत पाय टेकला की पेनल्टी. किलोमीटरचा काटा असला तरी निरुपयोगी, कारण ही गाडी तासावर झिजते, अंतरावर नाही. प्लॅस्टिकही इतकं थोडं की नवे मडगार्ड आणि स्टिकर लावले की गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते. स्टिकरची डिझाइनं दरवर्षी बदलतात, आतलं इंजिन मात्र वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. जुन्या गाडीवर नव्या सालाचे स्टिकर लावणं म्हणूनच नेहमीचं झालंय. मूळ प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा घड्याळासारखी छोटी गोल खूण असते. मधल्या बाणाने महिना कळतो, शेजारच्या आकड्यांनी साल. एअर बॉक्स आणि मडगार्डवरच्या खुणांत चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर विचारायला हवं.

मी बघायला गेलो तेव्हा इंजिन गरम होतं. विकणारा म्हणाला, “तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली.” गरम टू-स्ट्रोक पहिल्या किकला सुरू होते, मग झिजलेली असो वा नसो. सिलिंडरला हात लावून बघा आणि गरम लागला तर थंड होईपर्यंत तिथेच बसा. घाई करणारा माणूस इथेच ओळखू येतो. दुसरा गिऱ्हाईक वाटेत आहे, आगाऊ रक्कम दिलीत तर त्याला थांबवतो, ही भाषा तेवढ्यात सुरू होते.

मग विकणाऱ्याने स्वतःहून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावून दाखवलं. आकडा उत्तम. ही युक्ती मला नंतर कळली. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल आत सोडलं की रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरतात आणि गेज खोटं बोलतं. त्यानंतर गाडी सुरू केल्यावर दाट धूर आला, त्यावर उत्तर तयार होतं: “टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच.” गाडी दहा मिनिटं चालवून, ऑइल जळून गेल्यावर पुन्हा गेज लावा. माझ्या गाडीचा आकडा घरी आल्यावर बराच खाली बसला.

गिअरबॉक्सचं ऑइल अगदी ताजं होतं, याचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता ताजं ऑइल दिसलं की मी आधी वॉटर पंपाकडे बघतो. पंपाचं सील गळत असलं की कूलंट ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ होतं. आदल्या दिवशी ऑइल बदललं की ते दिसत नाही, आणि थोडं फिरवलं की पुन्हा दिसतं. माझ्या गाडीत हे दुखणं नव्हतं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

खरा प्रकार उघडकीस आला तो आयडलिंगवरून, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन हळू चालतं त्यावरून. इंजिन चांगलं तापल्यावर थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच खाली येईना, वरच रेंगाळे. रस्त्यावरच्या गाडीला हे एक वेळ चालून जातं. ट्रायल्समध्ये तुम्ही सतत आयडलच्या थोडं वर असता. दगडाच्या टोकावर थ्रॉटल बंद केल्यावरही इंजिन ढकलत राहिलं तर गाडी तुम्हाला घेऊन खाली जाते. या लक्षणाचं नेहमीचं कारण म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील. ते कडक झालं की बाहेरची हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. ही नुसती चालवण्यातली गैरसोय नाही, अशाने इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. मग धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो, आणि खाली थेंबही न पडता ऑइलची पातळी उतरते. कार्ब्युरेटर उघडला तर पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) कंपनीच्या मापापेक्षा मोठा. आत येणारी जास्तीची हवा पेट्रोल वाढवून झाकली होती. गाडी थोडा वेळ चालवून बघणाऱ्याला त्यामुळे काहीच कळत नाही.

सिलिंडर उघडण्याआधी मी प्रेशर टेस्ट केली. इनटेक आणि एक्झॉस्टचं तोंड घट्ट बंद करायचं, सुमारे ६ पीएसआय हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. त्याहून जास्त भरू नये, नाहीतर चांगली सीलही उलटतात. काही मिनिटं काटा हलायला नको. माझा डोळ्यांदेखत खाली आला आणि मॅग्नेटच्या मागे साबणाच्या पाण्याचे बुडबुडे फुटले. जे सील ‘नवं’ होतं, तेच.

पिस्टन बघायला तर सिलिंडर काढावाही लागत नाही. सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवा, एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि किक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टनची बाजू, रिंगा आणि समोरची भिंत दिसते. नव्या पिस्टनच्या अंगावर मशिनिंगच्या बारीक रेषा स्पष्ट असतात. जुन्याच्या अंगावर उभे ओरखडे आणि रिंगांच्या खाली तपकिरी डाग, कारण जळालेला वायू रिंगांना चुकवून खाली उतरत असतो. मला दिसले ते डागच. विकणारा एवढं बघू देत नसेल, तर मी तरी तिथून परत फिरेन.

सिलिंडर काढल्यावर पिशवीतला ‘जुना’ पिस्टन आठवला. सहज म्हणून तो माझ्या सिलिंडरमध्ये घालून पाहिला. शिरेचना! झिजलेला म्हणून काढलेला पिस्टन मूळ सिलिंडरमध्ये सैल बसायला हवा. हा दुसऱ्याच, मोठ्या इंजिनातला होता. खोकाही बहुधा असाच कुठूनतरी आलेला.

बिल मात्र खरं असावं, आणि त्यावरूनच सगळं कळण्यासारखं होतं. त्यावर पिस्टन किट होतं, क्लच प्लेटा होत्या, बस. ज्याने खरोखर इंजिन उघडलंय त्याच्या बिलावर किरकोळ वस्तूंची रांग असते: सिलिंडरखालचं पॅकिंग, हेडचे ओ-रिंग, स्मॉल एंडचं बेअरिंग, क्रँकची दोन सील, मेन बेअरिंगं, क्रँककेस जोडायचं पॅकिंग. मोठा पार्ट दाखवायला कोणीही आणतो, पण सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी छोटी कडी) आणि पॅकिंग काम केल्याशिवाय कोणी विकत घेत नाही. शिवाय क्रँकची बेअरिंगं बदलायला क्रँककेस दोन भागांत उघडावी लागते. माझ्या गाडीच्या क्रँककेसच्या बोल्टांच्या डोक्यांत वाळलेला चिखल तसाच होता. पाना त्यांना लागलाच नव्हता.

बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा दगड झेलणारा पत्रा, त्याने काढू दिला नव्हता. “बोल्ट जाम आहेत, उगाच तुटतील.” घरी ते सहज सुटले. मागे चीर, चिरेत मेटल पुट्टी, वर रुपेरी रंग. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं की ॲल्युमिनियम चकाकतं आणि पुट्टीची भुकटी पडते. चुंबकावर विसंबू नये, कारण ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि पुट्टीलाही चिकटेलच असं नाही. मागचं चाक वर उचलून पाहिलं तर शॉक हलण्याआधीच खटखट आवाज. लिंकेजची (शॉक आणि मागचं चाक जोडणाऱ्या सांध्यांची) नीडल बेअरिंगं गंजलेली आणि आवाज दबावा म्हणून त्यांत घट्ट ग्रीस कोंबलेलं.

फोन केला तेव्हा विकणारा आधी म्हणाला, मेकॅनिकने बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकलाय. हे ऐकूनच मी समजलो की ही थाप आहे. या इंजिनाच्या सिलिंडरला लोखंडी लायनर (आतली नळी) नाही, आत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर आहे. माहले कंपनीने १९६७ साली आणलेला निकासिल तो याच जातीचा. तो पातळ थर बोअर करून खरवडला की सिलिंडर पुन्हा कोटिंगला तरी पाठवावा लागतो, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे तशी नळी, तरी बसवावी लागते. पिस्टन ए, बी अशा ग्रेडमध्ये येतात आणि फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा असतो. हे सांगितल्यावर त्याचा सूर बदलला: “माझ्याकडून चालू गाडी गेली. तुम्ही घरी उघडलीत, आता काय केलंत मला काय माहीत?”

घरी काम करणाऱ्यांना याच उत्तरात अडकवतात. पाना लावण्याआधीची अवस्था दाखवता आली नाही तर वाद तिथेच संपतो. चिखलाने भरलेल्या बोल्टांचे आणि प्रेशर टेस्टच्या काट्याचे व्हिडिओ माझ्याकडे होते, पण ‘फुल काम’ हे शब्द त्याने फक्त तोंडी उच्चारले होते. जाहिरातीत ‘वेल मेंटेन्ड’ एवढंच होतं. कोणता पार्ट, कधी, कोणी बदलला हे पैसे देण्याआधी मेसेजवर लिहून मागा; प्रामाणिक माणूस दोन मिनिटांत लिहितो. व्हिडिओ पाठवल्यावर त्याने लिंकेजच्या बेअरिंगांपुरते पैसे परत केले आणि माझा नंबर ब्लॉक केला. सिलिंडर सध्या कोटिंगला गेलाय, क्रँककेस वेल्डिंगला.