एक झिजलेला गुडघा, चार देशांच्या खिडक्या

आरोग्यसेवांची तुलना बहुतेकदा 'कुठे फुकट, कुठे महाग' इथेच अडकते. रुग्णाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा गुडघा झिजलेला, सांधेबदलाची शस्त्रक्रिया लागणारा एक रुग्ण घ्या आणि त्याला चार देशांतून फिरवा. कुठे खोळंबा होतो आणि खिसा कुठे हलका होतो, ते लगेच दिसतं.

इंग्लंडमध्ये 1948 पासून एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा करातून चालते. आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी. त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, काउंटरवर मागितला तरी. तज्ज्ञाकडे जायला जीपीची चिठ्ठी हवी. शस्त्रक्रिया, भूल, खाट, कशाचंच बिल येत नाही; बाहेरून घ्यायच्या औषधांना 2025 मध्ये दर औषधामागे 9.90 पौंड पडत (स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत). दुखणं आहे ते रांगेचं. 92 टक्के रुग्णांचे उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावेत, हे उद्दिष्ट 2016 नंतर गाठलंच गेलेलं नाही. म्हणून चिठ्ठी घेतानाच रुग्णालय निवडायचा हक्क वापरा. एनएचएसचं काम करणारं खासगी रुग्णालयही चालतं आणि तिथली रांग कधीकधी बरीच लहान असते. न कळवता पहिली भेट चुकवली, तर प्रकरण पुन्हा जीपीकडे जाऊ शकतं.

जर्मनीची आरोग्यविम्याची व्यवस्था 1883 ची, चान्सेलर बिस्मार्कच्या काळातली. पगाराच्या 14.6 टक्के आणि वर आपल्या विमा निधीची, म्हणजे क्रांकेनकासेची, जादा वर्गणी. निम्मा भार मालकाचा. हाडांच्या डॉक्टरकडे थेट जाता येतं, पण सरकारी विमेवाल्याला तारीख उशिराची आणि खासगी विमेवाल्याला लवकरची, हे उघड गुपित आहे. यावर उपाय म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर तातडीचा कोड मागून घ्यायचा आणि डॉक्टरची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेला 116117 वर फोन करायचा. त्या सेवेला चार आठवड्यांच्या आतली भेट द्यावीच लागते. डॉक्टर मात्र ते सांगतील तो. रुग्णालयात दिवसाला 10 युरो, वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवस; औषधावर किमतीच्या 10 टक्के, पण 5 ते 10 युरोंच्या दरम्यान. हा सगळा खर्च कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर गेला (दीर्घ आजार असल्यास 1 टक्क्यावर) की पुढे माफी मिळते. ती आपोआप मिळत नाही. पावत्या जपून अर्ज करावा लागतो आणि बरेच जण इथेच पैसे सोडून देतात.

रोजच्या वापराला जपान सर्वांत सोयीचा. 1961 पासून प्रत्येकाला विमा, दरपत्रक देशभर एकच आणि साधारण प्रौढाचा वाटा 30 टक्के. कुठल्याही क्लिनिकमध्ये जा. फक्त 200 हून जास्त खाटांच्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीशिवाय गेलात, तर बहुतेक ठिकाणी किमान 7,000 येन वेगळे मोजावे लागतात. मोठ्या खर्चाला उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा आहे. मेख अशी की महिना कॅलेंडरचा धरतात. 25 तारखेला दाखल होऊन पुढच्या 10 ला घरी गेलात, तर हिशेब दोन महिन्यांत फुटतो आणि मर्यादेपर्यंतची रक्कम दोनदा भरावी लागू शकते. गुडघा काही पळून जात नाही. तारीख महिन्याच्या सुरुवातीची मागा. जेवण आणि स्वतंत्र खोलीचं भाडं या मर्यादेत धरत नाहीत.

अमेरिकेत एक व्यवस्था नाहीच. 65 च्या पुढे मेडिकेअर आणि गरिबांना मेडिकेड हे सरकारी विमे, नोकरदारांना कंपनीचा विमा. कंपनीच्या विम्यात आधी डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधीची ठरलेली रक्कम, स्वतः भरायचं, मग खर्चाचा ठरलेला वाटा, वार्षिक कमाल मर्यादेपर्यंत. विमा कंपनीची पूर्वपरवानगी लेखी घ्या, नाहीतर दावा फेटाळला जातो. फेटाळलाच तर अपिलाला 180 दिवस असतात. रुग्णालय विमा कंपनीशी करार असलेल्या नेटवर्कमधलं पण भूलतज्ज्ञ बाहेरचा, असं अचानक येणारं बिल 2022 पासून कायद्याने बंद झालं. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र त्या कायद्याबाहेर राहिली. जपानचा कॅलेंडरचा फास इथे वर्षाचा होतो: बहुतेक योजनांत डिडक्टिबलची मोजणी 1 जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते. डिसेंबरात एमआरआय आणि जानेवारीत शस्त्रक्रिया केलीत, तर ते दोनदा भराल.