मुंबई नाक्याजवळचे मेडिकल : गोळीबरोबर मिळालेले उत्तर

माझ्या आईला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी जेफिटिनिबची गोळी रोज घ्यावी लागते आणि ती आम्ही मुंबई नाक्याजवळच्या एका मेडिकलमधून आणतो. सीटी स्कॅनमध्ये गाठ बरीच आक्रसलेली दिसल्यावर आईने काउंटरवरच विचारले, "आता दिवसाआड घेतली तर?" फार्मासिस्ट ताई म्हणाल्या, "मावशी, ते डॉक्टर ठरवतील; तोवर एकही खाडा नको. गाठ लहान दिसते म्हणजे सगळ्या पेशी मेल्या असं नाही."

मग त्यांनी गोळ्यांच्या कागदी पिशवीवर पेनाने ठिपके काढले आणि तीन-चार सोडून बाकीचे खोडले. हे ठिपके म्हणजे जंतू, असे सांगून त्यांनी समजावले : पेनिसिलिन हे औषध जंतू आपली भिंत बांधत असतानाच त्यांच्यावर घाव घालते, त्यामुळे वाढ थांबवून निपचित पडलेले मोजके जंतू वाचतात. 1944 मध्ये जोसेफ बिगर यांनी त्यांना 'पर्सिस्टर' हे नाव दिले. त्यांच्या जनुकांत बदल झालेला नसतो, म्हणून ते पुन्हा वाढू लागले की त्यांची प्रजा त्याच औषधाने मरते. ही झाली सहनशीलता. औषधाला पिढ्यान्‌पिढ्या दाद न देणे, म्हणजे प्रतिरोध, ही वेगळी गोष्ट. मामांचा खोकला दोन महिन्यांत थांबूनही क्षयाच्या गोळ्या सहा महिने का चालल्या, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

फुप्फुसाच्या कर्करोगपेशींवर जेफिटिनिबसारख्या औषधाचा प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 0.3 टक्के पेशी जवळजवळ सुप्त होऊन तगल्या आणि औषध काढून त्या वाढू दिल्यावर पुन्हा औषधाला बळी पडू लागल्या. मात्र ही तुलना ताईंनी ताणली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. जंतू एकमेकांना प्रतिरोधाची जनुके देऊ शकतात, तशी सोय कर्करोगपेशींना नाही; पण तगलेल्या पेशींपैकी एखादीत पुढे खरोखरच जनुकीय बदल होऊ शकतो. शिवाय जंतूची भिंत आपल्या पेशींना नसते, तर कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली, त्यामुळे औषधाची मात्रा हवी तशी वाढवता येत नाही.

संध्याकाळी तेथे गर्दी होते आणि वृद्धांना बसायला खुर्ची नाही. ती ठेवायलाच हवी. जेफिटिनिबचा साठा एकदा संपला होता, तेव्हा आधी फोन करून जावे. पाकिटावर पुढच्या खरेदीची तारीख ताई स्वतः लिहून देतात. आई आता ती तारीख रोज वाचते आणि दिवसाआडचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.