शाळेनंतर काय: कर्मशाळा की थेट कामाची जागा?

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा साधारण १८व्या वर्षी संपते. त्यापुढे महाराष्ट्रातल्या बहुतेक पालकांना पहिल्यांदा सुचवली जाते ती कर्मशाळा, म्हणजे अशा मुलांना एकत्र बसवून हातकामं शिकवणारं केंद्र: पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली आणि दिवाळीच्या तोंडावर फराळाचं पॅकिंग. दुसरा मार्ग कमी ठिकाणी मिळतो. त्यात मुलगा थेट सुपरमार्केट, लाँड्री, हॉटेलचं स्वयंपाकघर किंवा ऑफिस अशा चालत्या जागी जातो आणि जॉब कोच, म्हणजे काम शिकवणारा सोबती, तिथे त्याच्याबरोबर उभा राहतो. काय काय शिकवतात याच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर फारसा फरक दिसणार नाही. शिकलेलं काम दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसासमोर टिकतं का, हे बघून ठरवावं.

एकच काम घ्या: २५० ग्रॅम चिवड्याची पिशवी. काटा सुरू करायचा, रिकामी पिशवी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, भरायचं, आकडा बघायचा, पिशवी उतरवायची, सील करायची, खोक्यात ठेवायची. आठ पायऱ्या झाल्या. अनेक स्वमग्न मुलं पाचव्या पायरीवर अडकतात. २५१ दिसलं की एक शेंगदाणा काढायचा, २४९ झालं की परत टाकायचा, आणि एका पिशवीला पाच मिनिटं. यात हट्ट नाही. ‘२५० भर’ असं सांगितलं होतं, तेच तो तंतोतंत पाळतोय. काट्यावर पट्टी चिकटवा: ‘२५० ते २५५ : सील कर’. सीलिंगचंही तसंच. हाताने दाबायच्या सीलरचा दिवा विझला की मुलं लगेच दांडी उचलतात, प्लास्टिक गरम असतं, तोंड उघडतं. ‘दिवा विझला, मग एक-दोन-तीन, मग उचल’ इतकं सुटं करून सांगावं लागतं.

हे असं सुटं करून शिकवायला कर्मशाळेकडे वेळ असतो. ओळखीच्या बाई, तेच टेबल, पाचशे पिशव्यांचा सराव. चार-पाच तास बसून काम करण्याची सवयही तिथेच लागते, आणि ज्याला अजून अर्धा तासही बसवत नाही त्याला आधी तिथेच घालावं.

कर्मशाळेची अडचण मात्र नेमकी या ओळखीतच आहे. दुकानातल्या काट्याचं शून्याचं बटण दुसऱ्या बाजूला असतं, वर लेबलही काढायचं असतं. मुलगा थांबतो आणि बाई कुठे आहेत ते शोधतो. दोन वर्षं शेजारी बसून कुणी ‘हं, पुढे?’ म्हणत राहिलं की ते ‘पुढे?’ हीच नववी पायरी होऊन बसते. तोंडी सूचना काढून घेणं सगळ्यांत अवघड जातं. चित्रांची पट्टी किंवा बोटाची खूण हळूहळू मागे घेता येते. म्हणून कर्मशाळा बघायला जाल तेव्हा तयार मालाचं कपाट नंतर बघा; आधी शिकवणारी व्यक्ती कुठे उभी असते ते बघा.

कामाच्या जागी शिकवण्याचं तत्त्व उलटं आहे: आधी जागा, मग प्रशिक्षण. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयात १९९६ साली सुरू झालेला प्रोजेक्ट सर्च याच पद्धतीचा: शाळेचं शेवटचं वर्ष एकाच मालकाकडे, वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने. आपल्याकडे मुंबईत जुहूचं कॅफे अर्पण खऱ्या गिऱ्हाइकांसमोर असं काम देतं. इथे शिकलेलं दुसरीकडे न्यावं लागत नाही, कारण काटा तोच आणि साहेबही तेच. धोके वेगळे. जॉब कोच पहिले दोन आठवडे पूर्णवेळ, मग अर्धा दिवस, तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, असं वेळापत्रक आधीच कागदावर हवं. तो फार लवकर गेला तर घडी विस्कटते, गेलाच नाही तर कर्मशाळाच झाली. काम येत असूनही नोकरी जाते ती बहुधा जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझर बदलल्यावर किंवा सणाच्या गर्दीत. मालकाकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या: सूचना एकाच माणसाने द्यायच्या, बदल आदल्या दिवशी सांगायचा, आणि गोंगाट वाढला तर दहा मिनिटं बसायला ठरलेला कोपरा.

पैशांचं थोडक्यात: कर्मशाळेत मिळतं ते मानधन, नोकरीत पगार. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, यासाठी महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा दिव्यांग कर्मचाऱ्याला २५,००० आहे, हे लहान मालकांना अनेकदा माहीत नसतं.

फक्त अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितापुरती अडचण) असलेल्या मुलाला यातलं काहीच नको. त्याला आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप बरी. हात चालतात, अडतं ते थिअरीच्या पेपरात, तेव्हा जादा वेळेचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्या. त्याचं अक्षमतेचं प्रमाणपत्र १८व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या ४ टक्के सरकारी आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक व अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं.

आमचा कल विचाराल तर कर्मशाळा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्यातही आठवड्याचा एक दिवस बाहेर. प्रवेश घेताना विचारा: गेल्या दोन वर्षांत किती जण बाहेर पडले आणि आज कुठे आहेत? ‘सगळे इथेच रमलेत’ असं उत्तर आलं तर दुसरी जागाही बघून या.

प्रवासाचा सराव मात्र आजपासून, कुठेही घालणार असलात तरी. उलट्या क्रमाने शिकवा: आधी शेवटच्या स्टॉपपासून फाटकापर्यंत एकटा, मग शेवटचे दोन स्टॉप, मग पूर्ण बस. बस चुकली तर काय करायचं, तेही एकदा मुद्दाम बस सोडून शिकवा.