चार बिऱ्हाडांचं घर: पेठेतलं धाब्याचं की कॉलनीतलं स्लॅबचं?

जळगावात भाड्यासाठी जुनं घर घ्यायचं म्हटलं की सहसा दोनच प्रकार पुढ्यात येतात. जोशी पेठ, शनिपेठेकडचं माती-लाकडाचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, नाहीतर महाबळ-पिंप्राळ्याकडची २५-३० वर्षांची स्लॅबची दुमजली इमारत.

मे महिन्यात धाब्याचं घर सरस. पारा ४५ ला टेकला तरी जाड भिंतींच्या आत बसवतं. स्लॅबखालचा भाडेकरू कूलर लावूनही रात्री गच्ची गाठतो. जूनमध्ये मात्र हिशेब फिरतो. पावसाआधी धाब्यावर माती टाकून चोपावी लागते आणि ते जाणणारे हात आता शोधावे लागतात. मग लोक धाबं काढून पत्रे ठोकतात. गळती थांबते, पण गारवाही जातो. घर बघताना तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचा. ओल तिथेच धरते. पेचकस भसकन आत गेला तर भाव पाडत बसू नका, उठून या.

स्लॅबचं दुखणं संडास-बाथरूमच्या खाली. पोपडे निघून गंजलेली सळई दिसत असेल तर पुट्टीने भागत नाही. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडत जातो. खर्च मोठा, पण कारागीर मिळतात आणि अंदाजपत्रक बऱ्यापैकी खरं निघतं. मातीच्या भिंतीचा गिलावा काढला की अंदाजपत्रकच ढासळतं.

पाण्याचं रडगाणं दोन्हीकडे. नळ रोज येत नाही, म्हणून बिऱ्हाडागणिक वेगळी टाकी हवी. विजेचे मीटरही वेगळे घ्या; सबमीटरच्या आकड्यांवरून भांडणं ठरलेली.

खरी मेख भिंतीत नाही, आत राहणाऱ्यांत आहे. पेठेत पिढीजात भाडेकरू असतात आणि घर विकलं म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. नव्यांच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ लक्षात ठेवा: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. ‘११ महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?’ म्हणणारा दलाल तेव्हा फोन उचलत नाही.

पुण्या-मुंबईत राहून भाडं घेणार असाल तर स्लॅबचंच घ्या. गावातच असाल आणि घर पूर्ण रिकामं मिळत असेल तरच धाब्याचं. तेही भर पावसात बघायला जा, विकणारा ‘दिवाळीनंतर या’ म्हणाला तरी.