पुढच्या वेळीही 35: स्टारड्यू व्हॅली

हा गेम मला ऑफिसातल्या आर्टिकलनं, म्हणजे शिकाऊ सीएनं सुचवला. ऑडिटची धावपळ आटोपली होती. "मॅडम, शेतीचा गेम आहे, डोकं शांत होतं." मी निफाडकडच्या कांदा-द्राक्षाच्या घरातली. शेतीनं डोकं शांत झालेला माणूस आमच्या भावकीत अजून जन्माला यायचाय. तरी घेतला. सेलमध्ये पाचशेच्या आत मिळाला आणि आजवर माझे दोनशेच्या वर तास त्यात गेलेत. तासाला अडीच रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात नाशकात कटिंग चहाही येत नाही.

आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन, हातात 500 नाणी आणि गावचे मेयर लुईस देतात ती पार्सनिपची 15 बियाणी, एवढ्यावर सुरुवात होते. पार्सनिप म्हणजे पांढरट गाजरासारखं कंद. बी 20 ला, माल 35 ला, चार दिवसांत तयार. फ्लॉवरचं बी 80 ला, गड्डा 175 ला, पण बारा दिवस लागतात. ऑनलाइन सल्लागार सांगतात, फ्लॉवर लावा. मी म्हणते, आधी तुमची अडचण कशाची आहे ते बघा. पैसा कमी असेल तर पार्सनिप, कारण तेच 20 रुपये महिन्यात सहा वेळा फिरतात. (महिना 28 दिवसांचा असतो. आणि हो, नाण्यांना मी रुपयेच म्हणते.) पण अंगातली ताकद कमी पडत असेल तर फ्लॉवर. सुरुवातीला दिवसाची ताकद 270, एका रोपाला पाणी घालायला 2 जातात. एका पाण्यामागे पार्सनिप पावणेचार रुपये सोडतं, फ्लॉवर जवळजवळ आठ. कॉस्टिंगच्या पेपरात हेच गणित मुलं चुकवतात. आमच्या आर्टिकलला ते गेममध्ये चटकन जमलं, पेपरात नाही, ते असो.

मला गेमचं वेड लागलं ते मात्र शिपिंग बिनमुळे. अंगणात एक लाकडी पेटी. संध्याकाळी तिच्यात माल टाकायचा, सकाळी सहाला पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, 'शेठ बाहेरगावी गेलेत' नाही. माझी स्वतःची फी एका क्लायंटकडे चौदा महिने अडकली होती. रिटर्न वेळेत हवं, नोटिसीला उत्तर रातोरात हवं आणि बिलाचं नाव काढलं की "मॅडम, आपलं काय घरचंच आहे." त्या दिवसांत मी रात्री घरी येऊन नुसती पेटीत कोबी टाकत बसायचे. गेममध्ये आयकरही भरावा लागत नाही, पण शेतीचं उत्पन्न आपल्याकडेही करमुक्तच आहे, त्यामुळे तेवढ्यापुरता गेम वास्तववादी.

बाकी कुठे वास्तववादी नाही. जोजामार्ट हे मोठं दुकान, खलनायक तेच. सदस्य नसाल तर तिथे पार्सनिपचं बी 25 ला, आणि गावातल्या पिएरकडे 20 ला. मोठं दुकान महाग आणि कोपऱ्यावरचा स्वस्त, असा बाजार मला दाखवा, मी तिथे राहायला जाते. हा पिएर सुरुवातीला दर बुधवारी दुकान बंद ठेवतो. मी दोनदा पैसे घेऊन दारातून परत आलेय.

कामाबद्दल या गेमचं मत माझ्या व्यवसायापेक्षा शहाणं आहे. रात्री दोनपर्यंत अंथरुणात शिरला नाहीत तर माणूस जागीच कोसळतो, खिशातले पैसे कापले जातात, हजारापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी ताकदही अर्धवट. आमच्याकडे सप्टेंबरअखेर दोनपर्यंत बसलेल्या पोराला पाठीवर थाप आणि गार झालेला पिझ्झा मिळतो. मीही दिलाय. यंदा बंद केला, दहाला दिवे घालवते. पार्टनर नाराज आहेत.

हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून केला. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचं. 26 फेब्रुवारी 2016 ला तो आला आणि 2024 अखेरपर्यंत चार कोटींवर प्रती गेल्या. ही गोष्ट ऐकून नोकरी सोडायला निघालेली दोन पोरं माझ्यासमोर बसून गेलीत. बॅरोन त्या काळात संध्याकाळी थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा आणि घराला जोडीदारणीच्या कमाईचा आधार होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी एकच विचारलं, चौपन्न महिने वीजबिल कोण भरणार? एकानं वहीत लिहून घेतलं. दुसरा अजून फोन उचलत नाही.

आणि कृपा करून याच्या शेजारी ते पैसे लावून खेळायचे 'टीम लावा, लखपती व्हा' वाले प्रकार ठेवू नका. तो गेम नव्हे. 2023 च्या ऑक्टोबरपासून तिथे भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, निव्वळ जिंकल्यावर सरळ 30 टक्के कर, आणि तोटा पगारातून वजा होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. त्याआधी एक जण माझ्याकडे 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, घेऊन आला होता, टीडीएस दिसतोय म्हणून खुशीत. "मॅडम, हे साइड इन्कम." बँकेचं स्टेटमेंट मागवलं तर एका अ‍ॅपवर थोडं जिंकला होता आणि बाकीच्या तीन अ‍ॅपवर बायकोचं सोनतारण कर्ज गेलं होतं. स्टारड्यूमध्ये फार तर तुमची झोप जाते. दिवस संपवून झोपल्याशिवाय कॉम्प्युटरवर गेम सेव्ह होत नाही, आणि एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. 'आणखी एकच दिवस' म्हणत माझा एक वाजलाय.

तक्रार म्हणाल तर दुसऱ्या वर्षानंतरची. स्टारफ्रूट हे फळ 750 चं, त्याची वाइन 2250 ची, आर्टिझनचं, म्हणजे कारागिराचं कसब घेतलंत तर 3150. नाशिकच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, मीही शेडभर वाइनची पिंपं मांडली. मग शेत राहिलंच नाही. दर सात दिवसांनी पिंपं रिकामी करा, पिंपं भरा. पैसा इतका साचला की घ्यायला काही उरेना. मी शेवटी पिंपं मोडून पुन्हा फ्लॉवर लावला.

जुन्या लॅपटॉपवर मस्त चालतो. नवे भाग फुकट येतात, 2024 चा मोठा अपडेटही तसाच आला. फोनवर घेऊ नका, बोटानं पाणी घालताना शेजारचं रोप उपटलं जातं. निदान माझ्या हातून.

दिवाळीत आमचे अण्णा मागे उभे राहून बघत होते.

"काय भाव मिळाला?"

"35."

"आन् पुढच्या खेपेला?"

"35."

"आख्ख्या गावानं हेच लावलं तरी?"

"तरी 35, अण्णा."

लासलगावच्या कांदा बाजारात आयुष्यभर ट्रॅक्टर लावलेला माणूस. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सरक जरा. बटन कुठलं दाबायचं?"