अँटिबायोटिकचं सांडपाणी: फेंटन, ओझोन की यूव्ही?

बल्क ड्रगवाले (औषधांचा मूळ घटक बनवणारे कारखाने) बरेच जण म्हणतात, आपल्याकडे बायो (जंतूंकडून सांडपाणी साफ करून घेणारी यंत्रणा) आहे ना, मग वर अजून खर्च कशाला. हैदराबादजवळच्या पटंचेरूला पण बायो होतं, आणि २००७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तिथल्या कॉमन प्लांटच्या (अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र साफ करणाऱ्या) आउटलेटला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक निघालं लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे औषध घेतलेल्या पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. असल्या पाण्यात जे जंतू जगतात ते औषधाला दाद न देणारेच असतात, म्हणून सांगतोय.

आता घ्यायचं काय? मदर लिकरसारखं (औषधाचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारं द्रावण) गडद, जास्त सीओडीचं (म्हणजे ऑरगॅनिक घाण जास्त असलेलं) पाणी असेल तर माझं मत फेंटन, म्हणजे लोखंडाचं मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून घाण तोडायची पद्धत, आणि ते पाणी बाकीच्यात मिसळायच्या आधीच, कारण त्यात तयार होणारं हायड्रॉक्सिल रॅडिकल (घाण तोडणारा जहाल कण) अँटिबायोटिक निवडून मारत नाही, समोर येईल ते ऑरगॅनिक तोडत सुटतं आणि पेरॉक्साइड भलत्यावरच संपतं. पीएच ३ च्या आसपास आणा, फेरस सल्फेट टाका, मग पेरॉक्साइड हळूहळू. जार टेस्टला (बीकरमधल्या छोट्या चाचणीला) फेस वर येतो, बीकर हाताला गरम लागतो, नंतर चुना टाकला की गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसतो. खरा खर्च या गाळाचा, फिल्टर प्रेस आणि विल्हेवाट धरूनच हिशोब मांडा. पेरॉक्साइड शिल्लक राहिलं तर गाळ बुडबुड्यांबरोबर वर तरंगतो आणि सीओडी उगाच जास्त दाखवतो, आमचे दोन दिवस यातच गेले, ट्रायल फेल समजून गुंडाळणार होतो.

ओझोन बायोनंतरच्या पाण्याला चांगला. गाळ होत नाही, स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फला शहराच्या सांडपाण्यावर २०१४ पासून चालू आहे. पण जनरेटर महाग, वीज भरपूर खातो, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होतं, तेव्हा खारं बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी ते तपासा.

यूव्ही-पेरॉक्साइड (पेरॉक्साइड टाकून पाण्यावर अतिनील प्रकाश सोडायचा) फक्त नितळ पाण्याला. रंग किंवा गढूळपणा असला की प्रकाश आत पोचतच नाही.

कुठलंही घ्या, ट्रायल तुमच्याच पाण्यावर मागा, आणि नुसता सीओडीचा रिपोर्ट घेऊन व्हेंडरला सोडू नका. आधी-नंतरचं अँटिबायोटिक एलसी-एमएसवर (अगदी थोडं रसायनही ओळखून मोजणारं लॅबचं यंत्र) मोजून घ्या, शिवाय ट्रीट केलेलं पाणी जंतूंच्या प्लेटवर टाकून बघा, तुटलेले तुकडे पण कधीकधी जंतू मारतात.